तळ्यातल्या हिरव्या जिवाचे कूळ

पावसाळा सरला की नदीचे पाणी हळूहळू निवळते. पण ज्या तळ्यात गुरे बसतात, ज्या डबक्यात गोठ्याचे पाणी उतरते, तेथले पाणी काही निवळत नाही. ते हिरवे होते. ओंजळीत घेतले तरी हिरवेच दिसते. आपण म्हणतो, "शेवाळ आलं." आणि पुढे चालू लागतो.

दगडावरचे बुळबुळीत शेवाळ हाताने खरवडता येते. दोऱ्यांसारखे लांब शेवाळ काठीने ओढून काढता येते. पण पाण्यात कालवल्यासारखा दिसणारा हा हिरवेपणा काढता येत नाही. कारण तो नुसता रंग नव्हे. ते अगणित जीव आहेत. एकेक जीव इतका लहान की नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

अशा पाण्यात पुष्कळ जातींचे जीव असतात. त्यांतल्या एकाची माहिती आम्ही येथे सांगणार आहोत. त्याचे नाव युग्लीना. नाव परके आहे, पण जीव परका नाही. जेथे गोडे पाणी साठते आणि त्यात शेण, पाला, घाण कुजते, तेथे बहुधा ही युग्लीना असते.

युग्लीना ही वनस्पती की प्राणी? तिचे भाऊबंद कोण? या प्रश्नावर विद्वान लोक दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद घालीत होते. तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा जिवाचं कूळ शोधून काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आपल्याला शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात सापडेल. पण आधी वाद समजून घेऊ.

युग्लीना दिसते कशी?

आपले घर हजारो विटांचे असते. तसे आपले शरीर कोट्यवधी पेशींचे असते. पेशी म्हणजे शरीराची वीट. युग्लीनाचे सारे घर मात्र एकाच विटेचे. ती एकच पेशी पोहते, पोट भरते, वाढते. पुरेशी वाढली की ती उभी चिरत जाते आणि एकीच्या दोन होतात.

तिची लांबी किती? फूटपट्टीवर सर्वांत जवळजवळच्या ज्या खुणा असतात, त्यांतले अंतर एक मिलिमीटर. तेवढ्या अंतरात सुमारे २० युग्लीना एकीपुढे एक मावतील.

सूक्ष्मदर्शक नावाचे भिंगांचे यंत्र असते. त्यातून पाहिले की युग्लीना स्पष्ट दिसते. आकार हातमागाच्या धोट्यासारखा, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता. आत हिरवे कण. पुढच्या टोकाशी एक लाल ठिपका. आणि त्याच टोकातून निघालेला एक लांब, बारीक चाबूक. हा चाबूक हलवीत ती पाण्यातून पुढे सरकते.

आता गंमत पहा. हिरव्या कणांच्या जोरावर ती उन्हात आपले अन्न आपणच तयार करते. हे काम झाडाचे. पण ती पोहते, अंग आवळते, पसरते, वळवळते. हे काम प्राण्याचे. काही जातींच्या युग्लीना अंधारात ठेवल्या तरी मरत नाहीत. पाण्यात विरघळलेले अन्न शोषून त्या जगतात. मग तिला म्हणावे तरी काय?

दोन दप्तरांत एकच नाव

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे गाव आहे. तेथे लेव्हनहूक नावाचे गृहस्थ होते. ते कोणी पंडित नव्हते. कापडाचे व्यापारी होते. पंडितांची लॅटिन भाषा त्यांना येत नव्हती. पण स्वतःच्या हाताने भिंगे घासून त्यांतून बारीक वस्तू पाहण्याचा त्यांना नाद होता. १६७४ साली त्यांनी एका तळ्याचे पाणी भिंगाखाली पाहिले. त्यात त्यांना इवलेसे जीव हालताना दिसले. काही हिरवेही होते. त्यांनी हे सारे आपल्या भाषेत लिहून लंडनच्या विद्वानांच्या सभेला कळविले. त्या हिरव्या जिवांत युग्लीनाही असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

पुढे १८३० साली जर्मनीतील एरेनबर्ग यांनी तिला युग्लीना हे नाव दिले. ग्रीक भाषेतील शब्दांवरून त्याचा अर्थ होतो 'चांगल्या डोळ्याची'. लाल ठिपका हा डोळाच, असे त्यांना वाटले. खरे म्हणजे तो ठिपका डोळा नव्हे. तो उजेडाला आड येणारा पडदा आहे. उजेड ओळखणारा भाग त्याच्या शेजारी, चाबकाच्या बुडाशी असतो. असो. एरेनबर्ग यांनी तिला प्राण्यांत घातले.

वनस्पतींचे अभ्यासक म्हणाले, "हे कसं? ती हिरवी आहे. उन्हावर जगते. तेव्हा ती आमचीच." त्यांनी तिला शेवाळांत घातले. झाले! एकाच शेताचा सातबारा दोन गावांच्या दप्तरांत लिहिला जावा, तसा प्रकार झाला. प्राण्यांना नावे देण्याचे नियम वेगळे आणि शेवाळांना नावे देण्याचे नियम वेगळे. युग्लीनाच्या घराण्याला दोन्ही नियम लावले गेले. जपानी भाषेत तर तिला 'मिदोरिमुशी' म्हणतात. म्हणजे हिरवा किडा. रंग झाडाचा आणि चाल किड्याची, हे लोकांच्याही ध्यानात आले होते.

१८६६ साली जर्मनीतील हेकेल यांनी तोड सुचवली. ते म्हणाले, वनस्पती आणि प्राणी यांखेरीज तिसरा गट करू. त्याला त्यांनी प्रोटिस्टा म्हटले. १९६९ साली अमेरिकेतील व्हिटेकर यांनी सर्व जिवांचे पाच गट केले. त्यांतही युग्लीना प्रोटिस्टांतच राहिली. पण हा गट म्हणजे कागदावरचा 'इतर' हा रकाना. कशातच बसत नाही, म्हणून 'इतर'. त्यातून भांडण थांबले, पण कूळ कळले नाही.

नाते ओळखावे कशावरून?

वटवाघळाला पंख असतात. ते उडते. म्हणून ते पक्षी होते काय? नाही. ते अंडी घालीत नाही. पिलांना अंगावर पाजते. त्याच्या पंखात पिसे नसतात, लांब झालेली बोटे असतात. म्हणून ते उंदीर, मांजर, गाय आणि माणूस यांच्या कुळातले. उडणे हा त्याचा धंदा झाला. धंद्यावरून कूळ ठरत नाही.

'शेतकरी' या शब्दाचेच पहा. पाटील शेती करतात, कुलकर्णी करतात, शेख करतात, गावित करतात. सगळे शेतकरी. पण म्हणून ते एका घरातले होत नाहीत. शेतकरी हे कामाचे नाव आहे.

'शेवाळ' हा शब्दही असाच कामाचा आहे. पाण्यात किंवा ओलीत राहून उन्हावर आपले अन्न तयार करणारे, ते शेवाळ. हे काम निरनिराळ्या कुळांतले जीव करतात. खडकावरचे निळसर हिरवे शेवाळ तर बॅक्टेरियांच्या कुळातले आहे. तेव्हा युग्लीना शेवाळाचे काम करते, एवढ्याने तिचे कूळ सांगता येत नाही. त्यासाठी साक्षी-पुरावे पाहिजेत. आपण एकेक साक्ष ऐकू.

पहिली साक्ष: कणगीची

झाडे आपले जादा अन्न पिठाच्या रूपाने साठवतात. तांदूळ, ज्वारी, बटाटा यांत तेच पीठ असते. त्याला स्टार्च म्हणतात. जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीन असते ना, त्याचा थेंब भाताच्या शितावर टाका. शीत गडद निळे, काळपट होईल. स्टार्च ओळखण्याची ही सोपी खूण आहे. तळ्यातल्या हिरव्या शेवाळांच्या पेशींतही असेच स्टार्च सापडते. म्हणून ती शेवाळे आणि झाडे एका कुळातली.

युग्लीनाच्या पेशीतही अन्नाचे दाणे साठलेले असतात. पण त्यांवर आयोडीन टाकले तर ते निळे होत नाहीत. त्यांतला पदार्थ निराळा आहे. त्याला पॅरामायलॉन म्हणतात. कणगीतले धान्यच वेगळे निघाले.

दुसरी साक्ष: अंगावरच्या सालीची

झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती एक टणक भिंत असते. लाकूड, कापूस, ताग हे सारे त्या भिंतींचेच. युग्लीनाला अशी भिंत नाही. तिच्या अंगावर, आतल्या बाजूने, लवचिक पट्ट्या असतात. टोपलीच्या कामट्यांसारख्या त्या तिरप्या फिरत जातात आणि एकमेकींवर सरकतात. म्हणून तर ती अंग आवळू शकते. अशा पट्ट्या कोणत्याही झाडात नाहीत. हिरव्या शेवाळातही नाहीत.

उलट, तळ्यात पेरानेमा नावाचा आणखी एक जीव असतो. त्याच्या अंगावर अशाच पट्ट्या असतात. चाबूकही असतो. पण तो हिरवा नाही. तो दुसऱ्या लहान जिवांना पकडून गिळतो. म्हणजे युग्लीनाच्या घराण्यात शिकार करणारेही आहेत तर!

तिसरी साक्ष: औषधाची

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. क्षयरोगावर प्रथम गुणकारी ठरलेले ते औषध. १९४८ साली अमेरिकेत तीन शास्त्रज्ञांनी ते औषध युग्लीनाच्या पाण्यात घातले. युग्लीना मेल्या नाहीत. पण त्यांच्या पुढच्या पिढ्या पांढऱ्या निघाल्या. हिरवेपणा कायमचा गेला. औषध बंद केले तरी तो परत आला नाही. तयार अन्न दिले तर त्या पांढऱ्या युग्लीना चांगल्या जगत होत्या.

झाडाचा हिरवेपणा असा काढून घेतला तर ते उपाशी मरेल. युग्लीनाचे तसे झाले नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की स्ट्रेप्टोमायसिन हे बॅक्टेरियांना मारणारे औषध. ते हिरव्या कणांनाच कसे लागले? कारण हिरवे कण हे मुळात बॅक्टेरियांच्याच वंशातले आहेत. हा विचार रशियाचे मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ साली मांडला होता. तेव्हा फारसे कोणी मानले नाही. १९६७ साली अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्याने मांडला आणि पुढे तो पुराव्यांनी खरा ठरला. फार प्राचीन काळी एका पेशीने निळसर हिरवा बॅक्टेरिया आत घेतला. तो पचला नाही. आत राहून तो अन्न करू लागला. तोच हा हिरवा कण. आपली सारी झाडेपिके त्या कणांवर जगतात.

चौथी साक्ष: पदरांची

हिरव्या कणाभोवती पातळ पदर असतात. आंबा, गवत, हिरवे शेवाळ, कोणतेही घ्या. कणाभोवती दोनच पदर. युग्लीनाच्या कणाभोवती मात्र तीन. हा तिसरा पदर कोठून आला?

कॅनडामधील सारा गिब्ज यांनी १९७८ साली याचा उलगडा सुचवला. त्या म्हणाल्या, युग्लीनाच्या पूर्वजाने बॅक्टेरिया थेट आत घेतला नाही. त्याने हिरवे कण असलेले एक सबंध शेवाळच आत घेतले. एखादी वस्तू आत घेताना पेशी तिच्याभोवती आपला पदर गुंडाळते. जादा पदर ही या घरप्रवेशाची खूण. पुढे आतल्या शेवाळाचे बाकी शरीर झिजून गेले. कामाचा हिरवा कण तेवढा राहिला.

पाचवी साक्ष: पोथीची

प्रत्येक पेशीत एक लेख असतो. कागदावर नव्हे, तर एका लांब, बारीक धाग्यावर. त्याला डीएनए म्हणतात. शरीर कसे घडवावे हे त्या धाग्यावर ठरलेले असते. आईबापांकडून मुलांकडे त्याच्या नकला जातात.

पूर्वी पोथ्या हाताने उतरवीत. उतरवताना एखादी चूक राही. पुढचा लेखक ती चूक तशीच उतरवी. मग दोन पोथ्यांत त्याच जागी त्याच चुका दिसल्या, तर जाणकार म्हणे, "या दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरल्या." डीएनएचेही तसेच. नकला करताना थोडेथोडे बदल होतात. दोन जिवांत सारखे बदल जितके जास्त, तितके त्यांचे नाते जवळचे.

युग्लीनाच्या पेशीत एक मुख्य पोथी आहे. आणि तिच्या हिरव्या कणात स्वतःची एक लहान पोथी आहे. दोन्ही वाचल्या गेल्या. कणाची सगळी पोथी १९९३ साली वाचून झाली. ती हिरव्या शेवाळाच्या कुळातली निघाली. २००९ साली तर तिचे जवळचे नातलगही सापडले. पिरॅमिमोनास नावाच्या एका हिरव्या शेवाळाशी तिचे सर्वांत जास्त जुळले.

पण पेशीची मुख्य पोथी काय सांगते? ती हिरव्या शेवाळाशी जुळत नाही. झाडांशी जुळत नाही. गाय-बैलांशीही जुळत नाही. ती जुळते एका वेगळ्याच कुळाशी. ते कूळ कोणते, ते आता सांगतो.

पण त्याआधी निकाल

आंब्याचे कलम आपल्या ओळखीचे आहे. खाली रायवळ आंब्याची कोय रुजवायची. वर हापूसची काडी बांधायची. झाड मोठे झाले की फळ हापूसचे लागते. पाहणारा म्हणतो, हापूस. पण मूळ रायवळाचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

युग्लीना हे असेच एक कलम आहे. मूळ एका शिकारी जिवाचे. त्यावर हिरवा कण शेवाळाचा. मूळ घराणे शिकार करणारे होते, हिरवेपणा मागून आला. पेरानेमासारखे जीव जुन्या धंद्यात राहिले. युग्लीनाच्या शाखेने उन्हाची शेती धरली.

आपल्या भाषेत सांगायचे तर हिरवे शेवाळ युग्लीनाचे भाऊबंद नव्हे. ते तिचे सोयरे. त्या घरचे एक माणूस या घरात आले, एवढाच संबंध. रक्ताचे भाऊबंद निराळेच.

कोणी विचारील, "गिळलेलं शेवाळ पचायचं सोडून कामाला कसं लागेल?" याचेही उदाहरण सापडले. २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेल्या एका जिवाचे वर्णन छापले गेले. त्याचे नाव रापाझा. तो युग्लीनाच्या घराण्यातलाच. तो एका ठराविक हिरव्या शेवाळाची शिकार करतो. २०२३ साली असे दाखवण्यात आले, की तो शेवाळाचे बाकीचे शरीर संपवतो, पण हिरवे कण राखून ठेवतो. ते कण त्याच्या पोटात राहून उन्हावर काम करतात. म्हणजे चोरून आणलेला बैल औताला जुंपावा, तशी गोष्ट. युग्लीनाच्या पूर्वजाने काय केले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

खरे भाऊबंद

आता त्या कुळाचे नाव सांगतो. युग्लीनाच्या मुख्य पोथीचे नाते ज्यांच्याशी जुळले, त्यांत ट्रिपॅनोसोम आणि लीशमेनिया हे जीव आहेत. त्यांचेही शरीर एकाच पेशीचे. युग्लीनाच्या चाबकाच्या आत आधाराची एक बारीक दांडी असते. तशीच दांडी यांच्याही चाबकात असते. १९८१ साली इंग्लंडचे कॅव्हेलियर-स्मिथ यांनी या सर्वांचे मिळून एक कूळ मानले आणि त्याला युग्लीनोझोआ नाव दिले. पुढे डीएनएच्या साक्षीने ते पक्के झाले.

ही नावे अवघड आहेत. पण त्यांनी होणारे रोग आपल्या परिचयाचे आहेत. जनावरांना सर्रा नावाचा रोग होतो. घोडा, उंट, बैल, म्हैस यांना तो होतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रक्त कमी होते. जनावर खंगत जाते. १८८० साली ब्रिटिश सैन्यातील पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबात डेरा इस्माईल खान येथे या रोगाचे कारण सापडले. आज ते गाव पाकिस्तानात आहे. आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्यांना वळवळणारे जीव दिसले. तेच ट्रिपॅनोसोम. रक्त पिणाऱ्या मोठ्या गोमाश्या ते एका जनावरातून दुसऱ्यात नेतात.

काळा आजार हा माणसांचा रोग. बिहार आणि बंगालकडे त्याने फार माणसे नेली. १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी त्याचा जीव ओळखला. डोनोव्हन तेव्हा मद्रासला होते. हा जीव वाळूमाशीच्या चाव्यातून अंगात शिरतो. कलकत्त्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास या रोगावर औषध तयार केले. त्याने असंख्य प्राण वाचले.

तळ्यातली निरुपद्रवी हिरवी युग्लीना आणि रक्तातला हा वैरी, दोघे एका कुळाचे! दिसण्यावरून हे कोणाला सुचले असते काय?

चंद्रपूरचा शेतकरी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कूळ शोधून काय मिळते?

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. येई, जाई, पुन्हा येई. असे महिनोन् महिने चालले. रक्त तपासले तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. ते ट्रिपॅनोसोम होते. तेही सर्राचे, म्हणजे जनावरांच्या रोगाचे. माणसाला हा रोग झाल्याची अशी पक्की नोंद जगात त्यापूर्वी झालेली नव्हती.

माणसासाठी या रोगाचे औषध ठरलेले नव्हते. मग काय करावे? येथे कुळाचे ज्ञान कामाला आले. आफ्रिकेत माणसांना निद्रारोग होतो. तो रोग करणारा जीव सर्राच्या जिवाचा अगदी जवळचा भाऊबंद. निद्रारोगावर सुरामिन नावाचे जुने औषध आहे. ते या शेतकऱ्याला दिले. रक्तातले जीव नाहीसे झाले. शेतकरी बरा झाला.

त्याला एकट्यालाच हा रोग का झाला, याचाही शोध लागला. आपल्या रक्तात एक द्रव्य असते. त्याने सर्राचा जीव मरतो. म्हणून गोठ्यात जनावर आजारी असले तरी आपल्याला सहसा काही होत नाही. त्या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतःच ते द्रव्य नव्हते. हा ना कोणाचा शाप, ना कोणाची करणी.

म्हणजे पहा. कोण कोणाचा भाऊबंद, ही माहिती कुठल्याशा विद्वानांनी वर्षानुवर्षे गोळा केली. ती आपल्या विदर्भातल्या एका माणसाच्या उपयोगी पडली.

आपण काय ध्यानात ठेवावे?

जनावराला वारंवार ताप येत असेल आणि ते खंगत असेल, तर पशुवैद्याला दाखवा. रक्त तपासले की सर्रा कळतो. त्यावर औषध आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या वाढतात. तेव्हा गोठा कोरडा आणि स्वच्छ ठेवा.

पाण्याविषयीही सांगतो. १९६९ साली अमेरिकेतील पामर यांनी शेवाळांना गुण दिले. जे शेवाळ घाण पाण्यात जितके जास्त तगते, तितके त्याला गुण जास्त. गुण १ ते ५. युग्लीनाला मिळाले ५. म्हणजे जेथे युग्लीना फार, तेथे बहुधा शेण-मैला पाण्यात उतरतो आहे असे समजावे. युग्लीना स्वतः आपल्याला रोग देत नाही. पण त्याच घाणीतून पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतू येतात. असे हिरवे पाणी पिऊ नये. गोठ्याचा आणि मोरीचा ओघ तळ्यात जाऊ देऊ नये.

मुलांना एक प्रयोग करून दाखवा. काचेच्या बाटलीत हिरवे पाणी भरा. बाटलीला काळा कागद गुंडाळा. कागदाला एका बाजूने रुपयाएवढे भोक ठेवा. भोक उजेडाकडे करून बाटली काही तास खिडकीत ठेवा. मग कागद काढा. पाण्यात पोहणारे हिरवे जीव असतील, तर भोकासमोरच्या काचेवर हिरवा गोल ठिपका जमलेला दिसेल. जीव उजेडाकडे पोहत आले. प्रयोग झाला की हात साबणाने धुवा.

त्या ठिपक्यात युग्लीना असेल, किंवा दुसरे एखादे हिरवे शेवाळही असेल. दोन्ही हिरवी, दोन्ही उजेडाकडे धावणारी. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला भेद सांगता येणार नाही. जवळच्या हायस्कुलात सूक्ष्मदर्शक असेल, तर गुरुजींना विनंती करून एक थेंब त्याखाली पहा. अंग आवळीत, वळवळत जाणारा हिरवा धोटा दिसला तर ओळखा, ती युग्लीना. हिरवेपणा सोयऱ्यांकडून आलेला आणि मूळ शिकारी कुळाचे.